आज्ञापालन स्पर्धांमधील हस्तसंकेत

श्वानांच्या आज्ञापालन स्पर्धांमध्ये (ओबीडियन्स ट्रायल) श्वानहस्तक, म्हणजेच हँडलर, तोंडाने काहीही न बोलता हाताच्या हालचालीने कुत्र्याला जी आज्ञा देतो तिला हस्तसंकेत असे म्हणतात. सोबत चालणे, उभे राहणे, थांबणे, पोटावर पडणे, बसणे आणि जवळ येणे या कृती अशा संकेतांनी करवून घेतल्या जातात. या कौशल्याची सर्वांत कठोर परीक्षा अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धांतील ‘युटिलिटी’ या वरिष्ठ वर्गात होते.

== पार्श्वभूमी ==

अमेरिकेत अशी पहिली चाचणी १९३३ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील माउंट किस्को येथे हेलन व्हाइटहाउस वॉकर यांनी भरवली. त्या पूडल जातीच्या कुत्र्यांची पैदास करीत. केसांच्या नखरेल कातरणीमुळे या जातीला केवळ शोभेची मानले जाई. तो समज खोडून काढणे हा चाचणीमागील एक हेतू होता. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या स्पर्धांना अधिकृत मान्यता दिली.

== संकेत परीक्षा ==

युटिलिटी वर्गातील एकूण २०० गुणांपैकी ४० गुण संकेत परीक्षेला असतात. कुत्रा प्रथम हस्तकाच्या डाव्या बाजूस चालतो. नंतर त्याला उभे करून थांबण्याचा संकेत दिला जातो आणि हस्तक रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कुत्र्याकडे तोंड करून उभा राहतो. तेथून तो कुत्र्याला पोटावर पाडतो, बसवतो, समोर बोलावतो आणि अखेरीस आपल्या डाव्या बाजूस आणतो. या संपूर्ण परीक्षेत त्याने एक शब्दही उच्चारायचा नसतो. दूर उभ्या असलेल्या हस्तकाला पुढची सूचना देताना परीक्षकही हातानेच खुणावतात.

संकेत म्हणजे एका हाताची एकच हालचाल. ती होताच हात नैसर्गिक स्थितीत परत यावा लागतो. तो तसाच धरून ठेवल्यास किंवा सोबत मान अथवा खांदे हलवल्यास गुण कापले जातात. दूरच्या आज्ञांपैकी एखादी कुत्र्याने पहिल्या संकेतावर पाळली नाही, किंवा हस्तकाने मांडीवर थाप मारून आवाज केला, तर त्या परीक्षेत शून्य गुण मिळतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण किमान १७० आणि प्रत्येक परीक्षेत निम्म्याहून अधिक गुण आवश्यक असल्यामुळे एका चुकलेल्या संकेताने त्या दिवसाची सारी मेहनत वाया जाते. संकेताचे रूप मात्र नियमाने ठरवून दिलेले नाही. पाडण्यासाठी हात वर उंचावणे, बसवण्यासाठी तळहात खालून वर नेणे आणि बोलावण्यासाठी बाजूला पसरलेला हात छातीकडे आणणे हे प्रघात आहेत.

फेडरेशन सिनोलॉजिक इंटरनॅशनल या जागतिक महासंघाच्या नियमांत काही प्रकारांमध्ये शब्द आणि संकेत एकाच वेळी वापरता येतात. केनेल क्लब ऑफ इंडिया याच महासंघाशी संलग्न आहे.

== कुत्र्याला नेमके काय दिसते ==

कुत्र्याची दृष्टी स्थिर वस्तूपेक्षा हलत्या वस्तूला अधिक सहज टिपते. १९३६ च्या एका पाहणीत पोलिसी कुत्र्यांनी हलणारी वस्तू ८०० मीटरहून अधिक अंतरावरून ओळखली. तीच वस्तू स्थिर असताना हे अंतर ६०० मीटरच्या आत आले. कुत्र्याला मुख्यतः निळा आणि पिवळा हे रंग वेगळे ओळखता येतात. म्हणून पोशाख मागच्या पार्श्वभूमीवर उठून दिसेल असा निवडणे आणि हात अंगासमोर न हलवता बाजूला हलवणे श्रेयस्कर ठरते. डोळ्यांवर केस येणाऱ्या जातींमध्ये ते बांधण्याची मुभा असते.

मात्र कुत्रा केवळ हात पाहत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा गणिते सोडवतो अशी ख्याती झाली होती. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की, तो प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या मस्तकाच्या सूक्ष्म हालचाली वाचत होता. आज्ञापालनाच्या सरावातही हेच घडते. हस्तक प्रत्येक वेळी हात उचलण्याआधी श्वास घेत असेल किंवा किंचित पुढे झुकत असेल, तर कुत्रा त्यालाच संकेत समजतो. स्पर्धेच्या ताणाखाली ही लकब बदलली की घरी अचूक काम करणारा कुत्रा रिंगणात नुसता पाहत उभा राहतो. त्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्याने शिकलेला संकेत त्याला मिळालेलाच नसतो. आरशासमोर कुत्र्याविना सराव करण्याचा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

== शिकवण्याची पद्धत ==

कुत्र्याला ‘बस’ हा शब्द आधीपासून येत असेल, तर नवा हस्तसंकेत त्या शब्दाच्या आधी द्यावा लागतो: प्रथम हात, क्षणभर विराम, मग शब्द. काही आवर्तनांनंतर कुत्रा शब्दाची वाट न पाहता हातावरच बसू लागतो. दोन्ही एकदम दिल्यास कुत्रा ओळखीच्या शब्दावरच विसंबतो आणि संकेत त्याच्या लेखी निरर्थक राहतो. अध्ययनशास्त्रात या परिणामाला ‘अवरोधन’ म्हणतात. अंतर अगदी शेवटी आणि टप्प्याटप्प्याने वाढवले जाते.

== बहिरे कुत्रे ==

डाल्मेशियनसारख्या काही जातींत जन्मजात बहिरेपणा लक्षणीय प्रमाणात आढळतो. अमेरिकन केनेल क्लबच्या आज्ञापालन स्पर्धांत बहिऱ्या कुत्र्यांना पूर्वी प्रवेश नव्हता. ही बंदी नंतर उठवण्यात आली. ऐकू येणाऱ्या कुत्र्यासाठी संकेत परीक्षा ही वरच्या वर्गातील अवघड पायरी असते; बहिरा कुत्रा मात्र प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून हातांचीच भाषा शिकलेला असतो.