नऊवारीवर पॅराशूट

फेब्रुवारी 2018मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमधल्या पटाया इथे 13,000 फुटांवरून उडी घेतली, तीही नऊवारी नेसून. फोटो गाजले ते काठापदरामुळे. खरी कसोटी मात्र साडीवर चढवलेल्या साजाची होती: हेल्मेट, गॉगल, बूट आणि पाठीवर पॅराशूट.

या साजाचे पट्टे मांड्यांभोवती घट्ट आवळावे लागतात. कासोट्यामुळे पाय सुटे राहतात, म्हणून नऊवारीत ते जमतं, सहावारीत फजितीच! पदराचं एक टोक जरी सुटून पट्ट्यांवरच्या, ओढायच्या मुठींवर आलं, तरी घात. एका मुठीने बिघडलेली मुख्य छत्री सोडून द्यायची, दुसरीने राखीव छत्री उघडायची.

महाजन यांची पहिली उडी 18 एप्रिल 2004ची, थेट उत्तर ध्रुवावर, 2,400 फुटांवरून. एवढ्या थंडीत हातमोजे अपरिहार्य, आणि जाड मोज्यांतून मूठ चाचपणं अवघड.

त्याआधीही छत्रीशी मराठी नाव जोडलं गेलं होतं, ते लष्करात. 11 डिसेंबर 1971 रोजी, बांगलादेश युद्धात, तिथल्या टांगाइलवर उतरलेली 2 पॅरा ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. तेव्हाच्या गोल छत्र्या विमानाला जोडलेल्या दोरीने आपोआप उघडत; जवानाने काही ओढायचं नसे.

हौशी उडीत छत्री उघडण्याची जबाबदारी स्वतःवर येते. म्हणून 1991मध्ये जर्मनीतून ‘सायप्रेस’ आलं. उडी घेणारा बेशुद्ध पडला, तरी ठरावीक उंचीवर हे यंत्र राखीव छत्री बंद ठेवणारा दोरा कापतं आणि ती उघडते. अमेरिकेत तर राखीव छत्री न वापरताही दर 180 दिवसांनी परवानाधारक कारागिराकडून उघडून, तपासून, नव्याने घडी घालून घ्यावी लागते.