‘तिलावा’ बोटीचे शेवटचे तास

नोव्हेंबर १९४२. ‘चले जाव’ची धग कोल्हापूर-साताऱ्यापर्यंत पोचलेली होती. समुद्रावरचं महायुद्ध मात्र घाटावरच्या माणसाला लांबचं वाटे. तरी मुंबईत भरती होणारे कितीतरी खलाशी आंबा घाट, गगनबावडा उतरलं की लागणाऱ्या तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले असत. गोऱ्या खलाशांपेक्षा पगार फार कमी, धोका तोच.

२० नोव्हेंबर, मुंबई
ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘तिलावा’ मोम्बासा, आताचं मापुटो, दर्बानच्या वाटेला लागते. बोटीवर ९५८ माणसं : ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी, ४ तोफची. प्रवासी बहुतेक हिंदी, पोटापाण्यासाठी आफ्रिकेला निघालेले. तळाच्या मालात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची सुमारे ६० टन चांदी.

२३ नोव्हेंबर, पहाटे २ च्या सुमारास
बोट सेशेल्सच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर. माणसं गाढ झोपेत. जपानी पाणबुडी आय-२९ चा टॉर्पेडो बोटीवर आदळतो.

त्यानंतर
बोट लगेच बुडत नाही. अंधारात होड्यांकडे एकच झुंबड उडते आणि त्या गर्दीतच काही जीव जातात. रेडिओ अधिकारी ई. बी. डंकन मदतीचा संदेश पाठवत राहतात.

दुसरा टॉर्पेडो
बोट तरंगत राहील ही आशा संपते. काही मिनिटांत ‘तिलावा’ तळाला जाते. डंकन आपली जागा सोडत नाहीत. ते बोटीबरोबरच जातात.

२५ नोव्हेंबर
होड्या आणि तराफ्यांवर दोन दिवस काढलेल्या माणसांना ब्रिटिश क्रूझर ‘बर्मिंगहॅम’ गाठते. चौघांना ‘कार्थेज’ ही बोट उचलते. वाचले एकूण ६७८.

२७ नोव्हेंबर, मुंबई
‘बर्मिंगहॅम’ वाचलेल्यांना घेऊन बंदरात येते. २८० जण आलेच नाहीत : २५२ प्रवासी, २८ कर्मचारी.

२८ एप्रिल १९४३
मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत जातात. ती आय-२९ च. हा प्रवास आपण मुलांना अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवा. त्याच पाणबुडीने पाच महिन्यांपूर्वी आपलीच माणसं बुडवली, हेही त्याच धड्यात यायला हवं. त्याने नेताजींचं धाडस उणं होत नाही. युद्ध कसं असतं ते मात्र खरं कळतं.

२०१७ ते २०२४
समुद्राच्या तळातून चांदीच्या २,३६४ विटा वर काढल्या जातात. त्यांच्यावरचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागतो. मधल्या काळात, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, ऐंशी वर्षं झाली म्हणून ‘तिलावा’वाल्यांची कुटुंबं मुंबईत एकत्र येतात. सरकारांनी विटा मोजल्या, माणसं त्यांच्या घरच्यांनी जपली.

दुसऱ्या महायुद्धात समुद्राने गिळलेल्या अविभाजित भारताच्या सहा हजारांवर नाविकांची नावं एका स्मृतिग्रंथात आहेत. त्याची एक प्रत मुंबईत, एक चितगावात. पण वहीतल्या नावाला घर लागतं. घाटाखाली असो वा घाटावर, ज्या घरात ‘आजोबा बोटीवर गेले ते आलेच नाहीत’ एवढंच सांगितलं जातं, त्या घराने बोटीचं नाव, साल आणि गाव आजच कागदावर उतरवावं. सांगणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.