रॉसलिन चॅपल: 'दा विंची कोड'मधल्या चर्चची खरी गोष्ट

'दा विंची कोड' सिनेमाच्या शेवटाकडे दिसणारं कोरीव दगडी चर्च आठवतंय? ते खरंखुरं आहे. स्कॉटलंडमध्ये, एडिनबराच्या दक्षिणेला रॉसलिन गावात. शहरातून बसने सहज जाता येतं.

कोणी बांधलं?
विल्यम सिंक्लेअर या सरदाराने १४४६ मध्ये. सिनेमात त्याचा संबंध टेम्पलर योद्ध्यांशी जोडलाय. पण ती संघटना १३१२ मध्येच बरखास्त झाली होती.

काय पाहाल?
सगळ्यात आधी वेलींनी वेढलेला 'अप्रेंटिस पिलर'. शिकाऊ पोराने तो आपल्याहून सरस घडवला म्हणून उस्तादाने मत्सरापोटी त्याचा जीव घेतला, अशी दंतकथा आहे. मग शोधा 'ग्रीन मॅन', म्हणजे तोंडातून पानं-वेली फुटलेले चेहरे. असे शंभरहून जास्त आहेत. मान वर केली की छतभर फुलं आणि तारे.

हे कोरीवकाम धोक्यात का आलं?
जपणुकीच्या हेतूनेच! १९५० च्या दशकात आतल्या कोरीवकामावर सिमेंटचा पातळ थर दिला गेला. त्यामुळे ओल बाहेर पडेना आणि वालुकाश्म झिजू लागला. शेवटी १९९७ मध्ये अख्ख्या इमारतीवर पोलादी छत उभारून दगड वाळवावा लागला. ते छत २०१० मध्ये उतरवलं.

जाण्याआधी
तिकीट ऑनलाइन काढून ठेवा.  मोबाईल खिशात ठेवा आणि निवांत बघा.