राख, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम

गोंदियाच्या धानपट्ट्यात भाताच्या गंजाला (म्हणजे पातेल्याला) लागलेली खरवड राखेने घासून काढीत. ‘राख’ हा शब्द एक असला तरी पदार्थ दोन आहेत. धानाच्या तुसाच्या राखेत सुमारे ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. ती मुख्यतः घासण्याचे काम करते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. त्याचे अल्कधर्मी पाणी तेलकट थर सुटा करते. या क्षारापासून मिळणाऱ्या दाहक पोटॅशमधूनच डेव्हीने १८०७ साली विजेच्या साहाय्याने पोटॅशियम वेगळे केले.

राख मागे पडली ती केवळ साबणामुळे नव्हे, भांडेही बदलले. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया ज्याचा भाग होता तो भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. पितळ राखेचे पाणी सोसते. १८८६ मध्ये हॉल व एरू यांनी स्वतंत्रपणे विद्युत अपघटनाची पद्धत शोधली, अ‍ॅल्युमिनियम स्वस्त झाले आणि पुढे आपल्या चुलीवर आले. त्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर अल्कात विरघळतो. भांडे काळवंडते, आणि बोल मात्र घासणारीला लागतो!

आम्ही लाकडाच्या राखेची निवळी काढून पाहिली : तांबडा लिटमस निळा झाला. वर्गात याच निवळीत पितळेचा व अ‍ॅल्युमिनियमचा एकेक तुकडा रात्रभर ठेवावा आणि सकाळी विद्यार्थ्यांनाच पाहू द्यावे.