तीन पत्तीतील हातांचा क्रम : गणित, रूढी आणि कायदा

तीन पत्ती या खेळाचे इंग्लंडमधील ‘थ्री कार्ड ब्रॅग’शी निकटचे साम्य आहे. ५२ पत्त्यांच्या जोडातून तीन पानांचे २२,१०० संच संभवतात. त्यांत समान मूल्याच्या तीन पानांचे ‘ट्रेल’ ५२, तर एकाच रंगातील क्रमवार पानांचे ‘प्युअर सिक्वेन्स’ ४८ आहेत. गणिताने अधिक दुर्मीळ ठरणारा हात रूढीने मात्र दुय्यम मानला. ब्रॅगमध्येही हाच क्रम आढळतो. याउलट पोकरमध्ये पाच पानांच्या २५,९८,९६० संचांत रॉयल फ्लश अवघे ४ असून तेथील श्रेणी दुर्मीळतेनुसार लागते.

महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळते. १९६७ मध्ये के. सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचे प्राबल्य मान्य केले. तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ दैवाचा ठरविला. रमीत पाने उचलून व टाकून हात सुधारता येतो, तीन पत्तीत येत नाही. त्या दृष्टीने हा भेद सुसंगत आहे. तथापि चाल करावी की डाव सोडावा, हा निर्णय शक्यतेच्या अंदाजावरच होतो. दैव पान देते, पण पैसा लावतो तो माणूस. कौशल्य व दैव यांची सीमारेषा आखताना खेळाचे हे दुसरे अंग दुर्लक्षून चालणार नाही.