वाहनांतील प्लास्टिकची पुनर्चक्रणानुकूल रचना

पुनर्चक्रणानुकूल रचना म्हणजे वापर संपल्यावर वस्तूतील प्लास्टिक ओळखता, सुटे करता व पुन्हा वितळवून वापरता येईल अशा रीतीने तिचा आराखडा करणे होय. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या वाहननिर्मितीच्या पट्ट्यात हा विषय मुख्यतः बंपर, डॅशबोर्ड यांसारख्या सुट्या भागांशी निगडित आहे.

पदार्थाची निवड

बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९ असल्याने त्याचा चुरा पाण्यावर तरंगतो व सहज वेगळा करता येतो. ताठरपणासाठी त्यात २० टक्के शंखजिरे मिसळल्यास घनता १ च्या वर जाते. मग हा चुरा एबीएससारख्या इतर प्लास्टिकांबरोबर तळाशी बसतो आणि वर्गीकरणाची ही सोपी पद्धत निरुपयोगी ठरते.

जोडणी व खुणा

डॅशबोर्डमधील पीव्हीसीचे आवरण, पॉलियुरेथेन फोम व सांगाडा एकमेकांना चिकटवलेले असल्यास ते वेगळे करणे खर्चिक ठरते. त्यामुळे एकाच कुळातील प्लास्टिक वापरणे व गोंदाऐवजी खटक्यांची जोडणी करणे श्रेयस्कर मानले जाते. पदार्थाचे संक्षिप्त नाव भागावरच उमटवण्याची पद्धत आयएसओ ११४६९ या मानकात दिली आहे.

नियम

युरोपीय संघात २०१५ पासून भंगारात निघालेल्या वाहनांच्या वजनाच्या किमान ८५ टक्के भागाचा पुनर्वापर वा पुनर्चक्रण बंधनकारक आहे. भारतात १ एप्रिल २०२५ पासून असे नियम लागू झाले. मात्र त्यांतील उत्पादकांचे लक्ष्य पोलादाच्या वजनावर मोजले जाते. परिणामी प्लास्टिकचे भवितव्य बरेचसे आराखड्यावरच अवलंबून राहते.