तळटीप : सड्यावरची माती

१७. 'माती सारली' : लेखकाने दोन शब्दांत उरकलेलं, खाणीआधी वरची माती बाजूला काढण्याचं हे काम सगळ्यात नाजूक आहे. रत्नागिरीत जमीन उघडते ती जांभ्याच्या चिरेखाणींसाठी आणि दापोली-मंडणगडकडे बॉक्साइटसाठी. चंद्रपूर-वणीच्या कोळसाखाणींवर काळ्या मातीचा जाड थर मिळतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, माती कुठे वीतभर, कुठे कातळाच्या खळग्यात ओंजळभर. पावसात तिथे सीतेची आसवं, गेंद फुलतात. त्यांचं बी उन्हाळाभर त्याच ओंजळीत निजलेलं असतं.

बॉक्साइटला लागू असलेल्या २०१७च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनुसार वरची माती वेगळी काढून राखणं आणि जमीन पूर्ववत करताना वापरणं बंधनकारक आहे. जांभा गौण खनिज, म्हणून त्या नियमांबाहेर. आम्हाला हे फार खटकतं.

माती आणि खालचा मुरूम एकत्र करू नये. ढीग उंच रचला की आत हवा पोचत नाही, जिवाणू मरतात. मृगाआधी त्यावर गवत पेरून कडेने चर खणला नाही, तर इथला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस माती खाडीत नेतो. परत पसरताना खाली मुरूम, वर माती. आणि वरून अवजड यंत्रं फिरवू नयेत; माती दबून घट्ट होते, मुळं शिरत नाहीत. कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती आणून भरून हापूस लावणाऱ्या इथल्या बागायतदाराला टोपलीभर मातीचं मोल ठाऊक आहे.

— संपादक